रखवालीचा इतिहास : कुत्रा, कंदील आणि बिनतारी चाहूल



व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून राजेरजवाड्यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला आहे. आज मी ज्याचा इतिहास सांगणार आहे तो माणूस राजाच्या दाराबाहेर उभा असे. राजा झोपला की त्याचे काम सुरू होई. त्याला कोणी वेसकर म्हणाले, कोणी जागल्या म्हणाले, पुढे पहारेकरी म्हणाले आणि अलीकडे वॉचमन म्हणतात. त्याची जागा आता एक पांढरी डबी घेऊ पाहत आहे. नांदेड-लातूरच्या नव्या वसाहतींत घराच्या कोपऱ्याला मुठीएवढी डबी आणि तिच्याजवळ एक कॅमेरा लावलेला आपण पाहतो. डबीला हालचाल कळते, कॅमेऱ्याला चित्र दिसते आणि दोघांची गाठ बिनतारी संदेशाने घातलेली असते. ही गाठ कशी पडते आणि तिच्यातून काय निसटते, हे पाहायचे तर आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

आपल्या मराठवाड्यातील जुने गाव डोळ्यांपुढे आणा. गावाभोवती कूस, कुसाला वेस आणि मध्ये पांढऱ्या मातीची गढी. दिवस मावळला की वेस लागे. वेशीवर वेसकर असे. रात्री कुत्री भुंकू लागली की जागल्या कान टवकारी, कंदील उचलून त्या दिशेला धरी, माणूस ओळखीचा की परका ते पाही आणि परका असेल तर हाळी देई. हाळी ऐकली की घराघरांतून लोक काठ्या घेऊन बाहेर पडत. या साध्या व्यवहारात रखवालीची तीन अंगे पुरती आली आहेत. पहिले चाहूल, दुसरे ओळख, तिसरे धाव. कुत्रा चाहूल देतो पण त्याला ओळख पटवून सांगता येत नाही. कंदिलाने ओळख पटते, पण कंदील रात्रभर चहूकडे फिरवीत बसणे परवडत नाही. म्हणून कुत्रा भुंकेल तेव्हाच कंदील वर करायचा, अशी ही जोडणी होती. आजच्या मोशन सेन्सरची आणि कॅमेऱ्याची जोडणी तत्त्वतः हीच आहे. फरक एवढाच की भुंकणे आता कानाला ऐकू येत नाही.

शेतातही हीच रीत होती आणि अजून आहे. जोंधळा हुरड्यावर आला की घरातला एक गडी जागलीला जातो. माळ्यावर बसून रानडुकराची चाहूल घेतो. पूर्वी त्याच्या हातात गोफण असे, आता बॅटरी असते आणि बांधावर झटका मशीन असते. जागण्याचे काम मात्र माणसानेच करायचे असते.

गावगाड्याची ही व्यवस्था गोड मानून चालणार नाही. वेसकराचे काम बहुधा महार समाजाच्या वाट्याला आलेले होते. सगळ्या गावाची रखवाली ज्याने करायची, त्याने राहायचे मात्र कुसाबाहेर. मोबदला म्हणजे थोडे वतन, थोडे बलुते आणि दारोदार मागितलेली भाकरी. रात्रीअपरात्री केव्हाही बोलावले तरी नाही म्हणण्याची सोय नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले, ते याच वेठीच्या मुळावर घाव घालण्यासाठी. कामाला तास नाहीत आणि दामाला हिशेब नाही, ही पहारेकऱ्याची जुनी कहाणी तेथून सुरू होते. ती पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता सत्ताधाऱ्यांची रखवाली पाहा. लातूर जिल्ह्यातील औशाचा किल्ला उंच डोंगरावर नाही, उलट खोलगट भागात आहे. लांबून येणाऱ्या फौजेला किल्ल्याचा बराच भाग दिसत नाही, पण किल्ल्याच्या उंच बुरुजावरून मात्र चारी बाजूंचा उतार नजरेत येतो. आपण दिसू नये आणि दुसरा दिसावा, हे पाळतीचे मूळ सूत्र औशाच्या बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक आहे. खंदक वाट अडवतो आणि बुरूज चाहूल घेतो.

सामान्य माणसाला बुरूज कोठला? त्याने भिंतच जाड केली. दगडमातीच्या दोन-अडीच हातांच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद, उजेडासाठी एखादे सवणे, दाराला आतून अडसर. जुन्या वाड्यांत दिंडी दरवाजा आणि त्याच्या आत पहारेकऱ्याला बसायला देवडी. या घरांची खरी रखवाली भिंतीपेक्षा शेजार करीत असे. घराला घर लागलेले, माळवदाला माळवद लागलेले. एका घरात भांडे पडले तर चौथ्या घरातली म्हातारी जागी व्हायची. रझाकारांच्या काळात, १९४७-४८ साली, गावोगावच्या लोकांनी पाळ्या लावून रात्री काढल्या, त्या याच माळवदांवर आणि गढ्यांवर.

नंतर गिरणी आली आणि बाजार आला. नांदेडला निजामी राजवटीत उस्मानशाही गिरणी निघाली. लातूरला १९१७ साली गंजगोलाईची आखणी झाली. सोळा रस्ते एका गोल बाजारात येऊन मिळतात, ही नगररचना आजही बाहेरगावच्या माणसाला नवलाची वाटते. गिरणी आणि गोदाम यांनी नव्या प्रकारचा पहारेकरी जन्माला घातला. त्याला वतन नव्हते, पगार होता. गाव त्याला ओळखत नव्हते आणि तोही मालकाखेरीज कोणाचा नव्हता. गेटवर कामगाराची झडती घेणारा हा माणूस स्वतः कामगारच आहे, ही गोष्ट झडती घेणारा आणि देणारा दोघेही विसरत. आम्ही चळवळीतली माणसे गेटसभा घेत होतो, तेव्हा आमचे भाषण सगळ्यांत जवळून ऐकणारा श्रोता तोच असे.

या पहारेकऱ्यावरही पहारा होता. इंग्लंडात अठराव्या शतकातच एक खास घड्याळ निघाले होते. रखवालदाराने ठरल्या वेळी ठरल्या जागी जाऊन खूण केली नाही, तर तो झोपला होता हे सकाळी मालकाला कळे. पुढे जगभरच्या गिरण्यांत असली घड्याळे आली. चोराला पकडणाऱ्या यंत्राच्या बरोबरीने रखवालदाराला पकडणारे यंत्र तयार झाले, हे इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात या माणसाला कायद्याची सावली मिळायला बराच काळ गेला. १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला आणि अडत बाजारातल्या हमालाला मंडळाचा आधार मिळाला. त्याच धर्तीवर १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांचा कायदा झाला. नोंदणी, ठरलेले वेतन, भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी त्यामुळे रखवालदाराच्या कक्षेत आल्या. तरीही आज शहरात फिरून पाहा. बारा तासांची पाळी, साप्ताहिक सुट्टी नाही आणि बसायला एक मोडकी खुर्ची, असे वॉचमन आपल्याला हवे तेवढे सापडतील.

श्रोतेहो, यानंतरची घटना आपल्या भागातला प्रत्येक जण जाणतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक नुकते कोठे झोपले होते. सरकारी हिशेबानेच जवळजवळ आठ हजार माणसे गेली. धक्का मोठा होता हे खरे, पण माणसांना मारले ते घरांनी. चोरापासून आणि उन्हापासून वाचण्यासाठी ज्या भिंती जाड केल्या, ज्या माळवदावर पिढ्यान्‌पिढ्या माती चढवली, तेच निजलेल्यांच्या अंगावर आले. जाड भिंत म्हणजे सुरक्षित घर हा शेकडो वर्षांचा समज त्या काही सेकंदांत कोसळला.

पुनर्वसनात पन्नासाच्या आसपास गावे नव्या जागी वसली. सरळ रस्ते, सुटे भूखंड, हलक्या छपरांची घरे. भूकंपाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण घराला घर लागलेले नसल्याने शेजारची चाहूल गेली. पूर्वी एका आळीत मावणारे भाऊबंद आता लांबलांबच्या रांगांत विखुरले. नांदेड-लातूर शहरांच्या कडेच्या वसाहतींतही, भूकंप न होता, हेच घडले. प्रत्येकाचा स्वतंत्र बंगला, प्रत्येकाला कंपाउंड, मुले पुण्या-मुंबईला, घरात म्हातारा-म्हातारी. चौथ्या घरातली म्हातारी आता भांडे पडल्याने जागी होत नाही. मोशन सेन्सरची गरज कोठून आली, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, ती या हरवलेल्या कानातून आली.

आता यंत्राची वंशावळ थोडक्यात सांगतो. दार उघडताच विजेने घंटा वाजावी अशा यंत्राचे पेटंट १८५३ साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या ऑगस्टस रसेल पोप याने घेतले. पण त्याला तार लागे. तारेवाचून घंटा वाजवण्याचा प्रयोग आपल्याच देशात झाला. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बसूंनी विद्युत्‌लहरी भिंतीपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. आज बिनतारी सेन्सर दुसऱ्या खोलीतला सायरन वाजवतो, तेव्हा बसूंचाच प्रयोग लहान प्रमाणात पुन्हा होत असतो.

कॅमेरा घराच्या दाराशी आणला तो मात्र एका कष्टकरी बाईने. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक कृष्णवर्णीय परिचारिका राहत होती. कामाच्या वेळा आडनिड, घरी पुष्कळदा एकटी, आणि वस्तीत बोलावले तर पोलीस वेळेवर येत नसत. तिने आणि तिच्या नवऱ्याने १९६६ साली पेटंटचा अर्ज केला, १९६९ साली ते मंजूर झाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रे, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत बिनतारी येणारे चित्र, बाहेरच्याशी बोलण्याची सोय आणि धोका वाटल्यास मदत बोलावण्याचे बटन. चाहूल, ओळख आणि धाव या तिन्ही अंगांचा विचार या बाईने एकाच यंत्रात केला होता. एकटेपणाची भीती जिने भोगली, तिलाच शेवटचे बटन सुचले.

हालचाल ओळखणाऱ्या डबीची गंमत आणखी जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी सिलोनहून तोरमल्ली नावाचा खडा युरोपात नेला. तो निखाऱ्यात तापवला की राख ओढून घेई. उष्णता बदलली की काही स्फटिकांत वीज उपजते, हा तो गुण. आजच्या सेन्सरमध्ये याच गुणाचा पदार्थ असतो. प्रत्येक जिवंत शरीरातून डोळ्यांना न दिसणारे उष्ण किरण सतत निघत असतात. डबीत त्या पदार्थाचे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. सगळी खोली सारखी तापली तर दोघांचा परिणाम एकमेकांना मारतो आणि डबी गप्प राहते. पण माणूस एका तुकड्याच्या नजरेतून दुसऱ्याच्या नजरेत गेला की तोल बिघडतो आणि डबी जागी होते. म्हणून ती नेहमी अशा जागी लावावी की येणारा तिच्यासमोरून आडवा जाईल. सरळ तिच्याकडे चालत येणारा तिला उशिरा कळतो. काचेच्या तावदानापलीकडचे तिला जवळजवळ काहीच कळत नाही, कारण हे उष्ण किरण काच अडवते.

आता जोडणी. सेन्सर एवढ्याशा बॅटरीवर महिनोन्‌महिने चालतो, कारण तो बहुतेक वेळ निजलेला असतो. हालचाल कळताच तो क्षणभर जागा होऊन एक लहानसा बिनतारी संदेश सोडतो. त्या संदेशात त्याचा स्वतःचा क्रमांक असतो. घरातल्या मध्यवर्ती यंत्राला तो क्रमांक आधी शिकवून ठेवावा लागतो, नाहीतर शेजाऱ्याच्या सेन्सरने आपला सायरन वाजायचा. मध्यवर्ती यंत्र मग कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला हुकूम देते की, या बाजूचे चित्रण जपून ठेव आणि मालकाच्या फोनवर वर्दी दे. चांगला रेकॉर्डर मागची काही सेकंदेही सांभाळून ठेवतो, म्हणजे कुत्रा भुंकण्याआधीचेही दिसते.

कॅमेरा स्वतःही हालचाल ओळखू शकतो, मग ही डबी कशाला? कॅमेरा चित्रातला बदल पाहतो. लिंबाची सावली हलली, दिव्याभोवती पाखरे जमली, पाऊस पडला, तरी त्याला हालचालच वाटते. डबी उष्णता पाहते, तिला सावलीशी कर्तव्य नाही. दोघांनी एकदम साक्ष दिली तरच वर्दी द्यायची असे ठरवले, तर खोट्या हाका पुष्कळ कमी होतात. एका साक्षीवर कोणाला चोर ठरवू नये हा पंचांचा जुना शहाणपणा येथेही उपयोगी पडतो.

पण ही यंत्रे ज्या देशांत घडली, तेथे मराठवाड्याचा वैशाख नसतो. सेन्सर माणसाचे अंग आणि मागची भिंत यांच्या उष्णतेतला फरक ओळखतो. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळीसच्या वर जातो. दिवसभर तापलेली भिंत संध्याकाळी निवत निवत माणसाच्या अंगाइतकी ऊन राहते, तेव्हा फरकच उरत नाही आणि डबी अर्धी आंधळी होते. नेमक्या त्याच वेळी आपण घर खाली सोडून गच्चीवर झोपायला जातो! त्यात कूलरचा झोत डबीवर आला तर तिची उगीच फसगत होते. वीज गेली की सेन्सर जागा राहतो, पण वायफायचा डबा आणि रेकॉर्डर झोपतात. भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढले त्यांना हे सांगायला नको. दोघांनाही बॅटरीचा आधार दिला नाही, तर कुत्रा भुंकतो आहे आणि कंदिलात तेल नाही, अशी अवस्था होते.

याहून गंभीर गोष्ट फितुरीची आहे. २०१६ साली मिराई नावाच्या एका घातक आज्ञावलीने जगभरचे हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर कब्जात घेतले आणि त्यांच्या झुंडीने इंटरनेटवरील मोठमोठ्या सेवा ठप्प केल्या. कारण क्षुल्लक होते. कारखान्यातून आलेला सांकेतिक शब्द मालकांनी बदललाच नव्हता. किल्ले तोफांपेक्षा फितुरीने अधिक पडले, हे आपल्याला इतिहासाने शिकवले आहे. नव्या पहारेकऱ्याची किल्ली पहिल्याच दिवशी बदलावी.

आणि नजर कोणावर ठेवायची, हा प्रश्न तर सर्वांत जुना. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. निजामी मुलुखातही असाच कायदा होता. पारध्याने, कैकाड्याने ठाण्यावर जाऊन हजेरी द्यायची, गावात चोरी झाली की आधी त्याची पालं उलटीपालटी व्हायची. तो कायदा १९५२ साली गेला, संशय गेला नाही. आज कॅमेऱ्यातले चित्र वसाहतीच्या गटात फिरते आणि कचरा वेचणारी बाई किंवा फाटक्या कपड्यांतला वाटसरू चोर ठरतो. यंत्राने एवढेच सांगितलेले असते की कोणीतरी उष्ण शरीराचे येथून गेले. त्यापुढचा निवाडा आपण केलेला असतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ चा विदा संरक्षणाचा कायदा मात्र व्यक्तीच्या निव्वळ घरगुती वापराला लागू होत नाही. तेव्हा आपला कॅमेरा शेजाऱ्याच्या न्हाणीकडे वळलेला नसावा आणि घरकामाच्या बाईला कॅमेरा आहे हे आधी सांगितलेले असावे, हे पाहण्याची जबाबदारी कायद्याच्या आधी आपल्या सभ्यतेवर येते.

आता हिशेबाची शेवटची बाब. रखवालीची तीन अंगे मी आरंभी सांगितली. चाहूल आपण डबीला दिली, ओळख कॅमेऱ्याला दिली. धाव कोणाला दिली? रात्री दोन वाजता लातूरच्या बंद घरात सेन्सर जागा होतो, पुण्यातल्या मुलाच्या फोनवर वर्दी जाते, त्याला चोर स्वच्छ दिसतो. तो कोणाला हाक मारणार? शेजाऱ्याचा क्रमांक त्याच्याजवळ नसेल आणि वॉचमनला तर कॅमेरा आला म्हणून मागच्याच महिन्यात काढून टाकलेले असेल. मग ते घर फुटताना पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही राहत नाही.

यंत्राला माझा विरोध नाही. रात्रभर डोळे ताणून बसण्याची शिक्षा माणसाला कशासाठी? यंत्राने जागावे, माणसाने थोडे निजावे आणि हाक आली की उठावे, हा न्याय्य वाटप होय. पण यंत्र आले म्हणून माणूस काढणे आणि यंत्र आले म्हणून माणसाचे तास व त्रास कमी करणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. चार-पाच गल्ल्यांनी मिळून आठ तासांच्या पाळीचे, मंडळात नोंदलेले, पुऱ्या पगाराचे रक्षक ठेवावेत. घराघरांतल्या सेन्सरची वर्दी मालकाबरोबर त्यांच्याही खोलीत वाजावी. प्रत्येक घराने निदान तीन शेजाऱ्यांचे क्रमांक त्या यंत्रात घालावेत. एवढे केले तर वेसकराची जुनी हाळी नव्या रूपात परत येईल आणि या खेपेला ती देणारा माणूस कुसाबाहेर राहणार नाही.

सेन्सरची आणि कॅमेऱ्याची गाठ एखादा जाणता कारागीर अर्ध्या तासात घालून देतो. कॅमेऱ्याची आणि शेजाराची गाठ मात्र बाजारात विकत मिळत नाही, ती आपणच घालायची आहे.